चालण्याचे पैसे

रामपायलीच्या नावातच पाय आहे, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. वनवासात रामाची पावलं इथं उमटली आणि 'रामपदावली'चं बोलता बोलता 'रामपायली' झालं, अशी गावाची समजूत. ती व्युत्पत्ती कितपत टिकेल ते जाणकारांनी बघावं. पण चंदन नदीच्या काठावरच्या राम-बालाजीच्या देवळात कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेला येणारी माणसं एकेकाळी खरंच पायी येत. घरची बैलगाडी असली तरी ती म्हाताऱ्यांसाठी आणि भांड्याकुंड्यांसाठी, बाकीचे गाडीच्या मागून चालत. त्या चालण्याचं कुणी कौतुक करत नव्हतं, मग त्यासाठी पैसे देणं तर दूरच.

म्हणून भाचीचा निरोप आला तेव्हा घरात थोडी खळबळ झाली. ती ग्लासगोजवळ राहते, नोकरी करते, वय २४. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं एक लिंक टाकली. 'वेस्ट हायलँड वे' नावाची १५४ किलोमीटरची वाट मी सात दिवसांत चालणार आहे, तरुण मुलामुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी हा निधी आहे, प्रत्येकानं जमेल तेवढं द्यावं. गोंदिया, नागपूर, बालाघाट, जबलपूर, सगळ्या मामा-मावश्यांना हा एकच निरोप. आमच्या थोरल्या काकांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "चालाचे पैसे कोन देते बापा? आन् देते त कायले देते?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या सदराचे वाचक बहुतेक माझ्या भाचीच्या वयाचे. तुमच्यापैकी काहींनी असे निरोप पाठवले असतील, आणि त्याहून जास्त जणांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले असतील. तेव्हा काकांचा प्रश्न आपण नीट घेऊ.

आधी ती वाट. ग्लासगोच्या उत्तरेला एका छोट्या गावातून ती सुरू होते. गावाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं पाहिलं तर 'मिल्नगाव्ही' वाचावंसं वाटतं, पण तिथले लोक म्हणतात 'मलगाय'. (काकांना सगळ्या प्रकरणात एवढंच आवडलं.) तिथून लोमंड सरोवराच्या काठाने, पुढे रॅनक मूरच्या उघड्या माळावरून, डोंगर चढून-उतरून फोर्ट विल्यमपर्यंत. स्कॉटलंडमधली ही पहिली अधिकृत लांब पल्ल्याची पायवाट १९८० मध्ये खुली झाली. तिच्यावर देव नाही, शेवटी दर्शन नाही. पाऊस आहे आणि चावणारी चिलटं आहेत. तरी दरवर्षी हजारो लोक ती चालतात, आणि त्यांतले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या कामासाठी निधी गोळा करत चालतात.

रीत अशी. चालणारा आपल्या नावाचं एक पान उघडतो, ओळखीचे लोक त्यावर पैसे टाकतात आणि ते थेट संस्थेच्या खात्यात जातात, चालणाऱ्याच्या हातात येत नाहीत. देणारा ब्रिटनमध्ये कर भरत असेल तर 'गिफ्ट एड' योजनेखाली सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला जास्तीचे देतं. तंबू, बूट, बसचं भाडं, वाटेतलं जेवण हा खर्च भाचीनं स्वतः केला. हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण सगळीकडे तसं नसतं. काही मोठ्या पदयात्रांत, विशेषतः परदेशी डोंगरांवरच्या, गोळा झालेल्या रकमेतूनच सहलीचा खर्च निघतो. तिथं देणाऱ्यानं सरळ विचारावं, माझ्या शंभरातले किती त्या मुलांपर्यंत जाणार? उत्तर द्यायला कुणी कचरलं तर खिशात घातलेला हात तसाच बाहेर काढावा.

काकांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. तिला मदतच करायची तर पगारातले पैसे देऊन घरी बसावं, १५४ किलोमीटर चालण्याची काय गरज? तिच्या चालण्यानं त्या पोरांच्या पोटात काय जातं?

मला वाटतं, चालणं त्या पोरांसाठी नसतंच, ते मागणाऱ्यासाठी असतं. दुसऱ्याकडे पैसे मागणं हे आपल्यासारख्या नोकरदार घरांत सगळ्यात अवघड काम. गणपतीची वर्गणी मागायलाही आपण चार जण मिळून जातो. सात दिवस स्वतःचे पाय झिजवल्यावर माणसाला मागायचा थोडा हक्क मिळतो, आणि देणाऱ्यालाही वाटतं की हा फुकट मागत नाही. काकांना हे पटलं असं मी म्हणणार नाही. ते "हं" म्हणाले.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. आज जगभर चालणारी 'ट्रेलवॉकर' ही पदयात्रा १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झाली, तीही गुरखा सैनिकांच्या सरावातून. मॅकलेहोज नावाची १०० किलोमीटरची डोंगरवाट, चौघांची तुकडी, मुदत ४८ तास. १९८६ पासून सामान्य नागरिकांना तीत भाग घेता येऊ लागला आणि ऑक्सफॅम ही संस्था आयोजनात आली. म्हणजे आज लंडनच्या ऑफिसातली पोरं ज्या प्रकारानं निधी गोळा करतात, त्याच्या मुळाशी नेपाळच्या डोंगरातले पाय आहेत. त्याआधी एक वर्ष, १९८० मध्ये, कॅनडात टेरी फॉक्स हा २१ वर्षांचा मुलगा कर्करोगानं उजवा पाय गेलेला असताना कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला होता. त्याचं मागणं साधं होतं, प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर आजार फुप्फुसात पसरला आणि त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला, पण त्याआधी देशाच्या लोकसंख्येइतके डॉलर जमले होते.

हे सगळं सांगितल्यावर आपल्याकडे असं काही नाही असं वाटायला लागतं, आणि ते खरं नाही. आपल्याकडे चालणंही आहे, मुलांच्या शिक्षणासाठी मागणंही आहे. फक्त दोन्हींची सांगड अशी पान उघडून घातलेली नाही.

धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये मुरुडहून साताऱ्याला परीक्षा द्यायला पायी गेले, सह्याद्री चढून, ११० मैल. तिथं पोचल्यावर अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा परीक्षेच्या वयाचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. ते पाय वाया गेले असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पुढे याच माणसानं पुण्यातली प्राध्यापकी सांभाळून हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षं पायपीट केली, सुट्ट्यांत गावोगाव हिंडून निधी जमवला. आणि १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू करून पुन्हा लोकांपुढे हात पसरला. अठ्ठ्याहत्तर म्हणजे आमच्या काकांपेक्षा फक्त पाच वर्षांनी लहान. हे मी त्यांना सांगितलं नाही.

साताऱ्याकडेच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी गावोगाव हिंडले. त्यांच्या कामातली 'मुष्टिफंडा'ची कल्पना मला आजच्या ऑनलाइन पानांपेक्षा हुशार वाटते. घरच्या बाईनं दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, बस. मूठ काढताना कुणालाही आपण दान करतोय असं वाटत नाही, आणि महिनाअखेर पोत्यानं धान्य उभं राहतं. त्याच्याही आधी वार लावून जेवणारी मुलं होतीच. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. तुमच्या पणजोबांपैकी कुणीतरी तसं शिकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, घरी विचारून बघा.

आता आमच्या मध्य प्रदेशातली गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. अमरकंटकला उगम, भरूचपुढे समुद्र. परिक्रमा करणारा तिला कायम उजव्या हाताला ठेवतो, मध्ये कुठेही ओलांडत नाही, मुखाशी मात्र नावेतून समुद्रातून पलीकडे जातो आणि दुसऱ्या काठानं परत फिरतो. परंपरेनं मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस, पण हल्ली बरेच जण पाच-सहा महिन्यांत करतात. या वाटेवरचा पैशाचा व्यवहार स्कॉटलंडच्या अगदी उलट आहे. इथं चालणारा कुणासाठी निधी गोळा करत नाही, काठावरची गावंच चालणाऱ्याला पोसतात. सदाव्रतात पीठ, डाळ, मीठ मिळतं, कुणाच्या तरी ओसरीवर झोपायला जागा मिळते. देणारं घर अनेकदा घेणाऱ्यापेक्षा गरीब असतं. 'नर्मदे हर' म्हणायचं आणि घ्यायचं. शहरातून आलेल्या मराठी माणसाला हे घेणं फार जड जातं, असं परिक्रमा केलेले सगळे सांगतात.

नाशिकच्या भारती ठाकूर केंद्र सरकारच्या संरक्षण खात्यात नोकरीला होत्या. २००५-०६ मध्ये त्यांनी ही परिक्रमा पायी केली आणि 'नर्मदा परिक्रमा: एक अंतर्यात्रा' हे पुस्तक लिहिलं. आपल्यातल्या अनेक घरांत ते असेल. अशी पुस्तकं मराठीत बरीच झाली. गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत नर्मदेनं मराठी लेखकांना कायम ओढलं आहे. फरक नंतर पडला. ज्या काठावरच्या लोकांनी खाऊ घातलं त्यांची मुलं शाळेत जातात पण त्यांना वाचता येत नाही, काही तर जातच नाहीत, हे त्यांनी चालताना पाहिलं होतं. त्या नोकरी सोडून खरगोन जिल्ह्यात, मंडलेश्वरच्या परिसरात राहायला आल्या. लेपा हे गाव धरणाच्या पुनर्वसनातलं. तिथं मुलांना मोफत शिकवायला सुरुवात झाली. त्यातून 'नर्मदा', म्हणजे निमाड अभ्युदय रूरल मॅनेजमेंट अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, ही संस्था उभी राहिली. पुढे शाळा झाली, आदिवासी मुलांसाठी वसतिगृह झालं, सुतारकाम आणि वेल्डिंग शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या. त्याची हकिगत 'गोष्ट नर्मदालयाची' या दुसऱ्या पुस्तकात आहे.

क्रम कसा उलटा आहे बघा. माझ्या भाचीनं आधी काम निवडलं, मग वाट. इथं आधी वाट, आणि वाटेनं काम दाखवलं. निधी सगळ्यात शेवटी आला. वाटेवरच्या भाकरीचं ऋण मनात असलेल्या माणसाला पैसे मागताना लाज वाटत नसावी, असा माझा अंदाज. मुंबई-पुण्याहून निमाडात पैसे पाठवणाऱ्यांना एका बाईचे पाय त्या गावांतून गेलेत एवढं माहीत असतं, आणि ते पुरतं.

भाचीच्या त्या वाटेतून आमच्या घरात आणखी एक गोष्ट निघाली. ती या डिसेंबरात सुट्टीवर येते आहे. तिचे नागपूर-पुण्याचे भाऊबहीण म्हणाले, स्कॉटलंडच्या पोरांना दिलं, आता रामपायलीच्या पोरांना काय? प्रश्न बरोबर होता. १९५६ मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. आमच्या मुलांची शाळा हिंदीतून, घरचं बोलणं मराठी-पोवारी मिसळून, आणि पुढच्या शिक्षणाची गाडी गोंदिया-नागपूरकडे जाणारी. दुसऱ्या गावातून यावं लागतं म्हणून नववीच्या मुलांना सरकारची सायकल मिळते, ती चांगलीच आहे. पण ट्यूब फुटली की पंधरा दिवस सायकल भिंतीला आणि मूल घरी. दहावीनंतर संध्याकाळी बसून अभ्यास करायला घरात जागा नाही. एक दिवा, चार टेबलं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असलेली खोली, एवढीच गरज आहे. रक्कम फार मोठी नाही, म्हणूनच ती कुणाच्या नजरेत भरत नाही.

तर ठरलं असं: रामपायली ते रामटेक, तुमसरवरून, चार दिवस, पाच माणसं. रामाच्या गावाहून रामाच्या टेकडीवर.

आणि लगेच भांडण झालं. काकांचं म्हणणं, रामटेकला पायी जाणं म्हणजे यात्रा, आणि यात्रेचे पैसे घेतले की यात्रा बाटते. मोठी वहिनी म्हणाली, वारीत दिंडीवाले भिशी घेतातच की. काका म्हणाले, ती जेवणाची, चालण्याची नाही. हा फरक खरा आहे. वारकरी आपल्या जेवणाचे पैसे आपण देतो, कुणाला प्रायोजक करत नाही. मला काकांची बाजू अर्धी पटते. त्यामुळे देवळापर्यंतची शेवटची चढण हिशेबात धरायची नाही असं ठरलं. किलोमीटर टेकडीच्या पायथ्याशी संपतील, वर जाणं ज्याचं त्याचं. काकांनी यावर वही मागवली आणि हिशेब मी ठेवीन म्हणाले. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही, दुकानात असते तशी. आतापर्यंत तिच्यात सोळा नावं आहेत.

तुम्ही आपापल्या गावासाठी असं काही करणार असाल तर वहीच्या निमित्तानं कळलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो, कारण इथंच गाडी अडते.

पैसे कुणा एकाच्या खात्यात घेऊ नका. गावात नोंदणीकृत संस्था असेल तर थेट तिच्याकडे जाऊ द्या आणि पावती मागा. ८०-जीची सवलत हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलत मुळात नाहीच. त्यामुळे 'टॅक्स वाचेल' असं सांगून मागू नका, निम्म्या लोकांच्या बाबतीत ते खोटं ठरेल.

परदेशातल्या भावंडांचे पैसे हा तर फारच नाजूक मामला. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. पण ज्यानं ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्ट घेतला, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं आणि तो शुद्ध मराठी बोलत असला, तरी कायद्याच्या नजरेत तो विदेशी स्रोत. त्याचे पैसे घ्यायला संस्थेची विदेशी देणगी कायद्याखाली, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावच्या छोट्या संस्थेकडे हे नसतं. आमच्या घरातच एका आतेभावाचे पैसे यामुळे घेता आले नाहीत. तो जरा दुखावला. शेवटी त्यानं सांगितलं, मी सुट्टीत येईन आणि खोलीच्या भिंती रंगवीन. कायद्यात त्याला बंदी नसावी.

बाकी चालण्याचं. रोज २० ते २५ किलोमीटर हे ऐकायला कमी वाटतं, तिसऱ्या दिवशी कळतं. नवे बूट घालून निघू नये, महिनाभर आधी पायात मुरवावेत. मोजे दोन जोड, दुपारी बदलायचे, ओला मोजा हा फोडांचा बाप. पहाटे पाचला निघून अकराच्या आत दिवसाची मोठी चाल उरकावी. आमच्याकडे जानेवारीत पहाटे धुकं असतं आणि धानाचे ट्रक-ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, पाठीवर चमकणारी पट्टी लावून. स्कॉटलंडच्या वाटेवर मोटार येत नाही, आमच्या वाटेवर बाकी काही येवो न येवो, मोटार येते.

दोन मुक्काम पक्के झालेत, एक शाळेत, एक ओळखीच्यांच्या खळ्यावर. तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. भाचीनं तिथून विचारलं, मामा, तंबू घेऊन येऊ का? मी नको म्हटलं. त्या गावात आम्ही पाच जण तंबू ठोकून बसलो तर आपल्या घरांना काय झालं होतं म्हणून गाव रागावेल. संध्याकाळी पोचायचं, पहिल्या ओसरीपाशी उभं राहायचं आणि कुठून आलो ते सांगायचं.